खर्जात उतरलेली गिटार: सा-प-सा-प-सा-ग ट्यूनिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात राजारामपुरीत मी गिटार शिकवते. क्लासमधली एक गिटार गेली काही वर्षं नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये नसते. ती कायम फार खाली, खर्जात लावलेली असते. नवीन मूल आलं की तिच्यावर हात फिरवतं, दचकतं आणि विचारायला लागतं. पालकही विचारतात, गाण्याच्या साथीला गिटार घेणारे विचारतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत.

हे ट्यूनिंग नेमकं काय आहे?

सर्वांत जाड, म्हणजे सहाव्या तारेपासून पहिलीकडे येताना स्वर असे: ए, ई, ए, ई, ए, सी शार्प. पेटीवरची पांढरी सहा सा धरली, तर सा, प, सा, प, सा, ग. डाव्या हाताचं एकही बोट न टेकवता सगळ्या तारा छेडल्या की ए मेजर कॉर्ड वाजते, म्हणून याला खुलं किंवा ओपन ट्यूनिंग म्हणतात.

खुली ट्यूनिंग पुष्कळ आहेत. हवाई बेटांवर तारा सैल करून वाजवण्याची अख्खी परंपरा आहे. आपल्या ट्यूनिंगचं वेगळेपण त्याच्या खालच्या टोकाला आहे. नेहमीच्या गिटारची सहावी तार ८२.४ हर्ट्झवर असते, ती इथे ५५ हर्ट्झवर येते. बाकीच्या तारा अनुक्रमे ८२.४, ११०, १६४.८, २२० आणि २७७.२ हर्ट्झ.

एवढं खाली कशासाठी? साधं ओपन डी किंवा ओपन जी पुरत नाही का?

गाण्याला साथ करायची असेल तर पुरतं. मला खाली जावंसं वाटलं ते तंबोऱ्यामुळे.

या गावात तंबोरा कानावर पडतच मोठं होता येतं. शाहू महाराजांच्या काळात अल्लादियाखाँसाहेब इथे दरबारी गायक होते, देवल क्लब १८८३ पासून आहे, आणि आजही कुठल्या तरी गल्लीत संध्याकाळी कुणी तरी तंबोरा जुळवत बसलेलं असतं. लहानपणी मी तंबोऱ्याच्या भोपळ्याला पाठ टेकून बसायचे. चौथी तार, खर्ज, छेडली की सा तर ऐकू यायचाच, पण थोड्या वेळानं त्या सा मधून एक गंधार वर यायचा. तारेवर कुणी ग वाजवलेला नसायचा. त्यालाच स्वयंभू गंधार म्हणतात, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

तो गंधार येतो कुठून? कोणतीही तार एकाच वेळी पूर्ण लांबीनं, अर्ध्या लांबीनं, एक तृतीयांशानं, एक चतुर्थांशानं आणि एक पंचमांशानंही कंपत असते. पाचव्या हिश्श्याच्या कंपनातून मूळ स्वराच्या पाचपट कंप मिळतात, आणि तो बरोबर गंधार असतो. मूळ स्वर जेवढा खाली, तेवढे त्याचे हे वरचे स्वर आपल्या कानाच्या सोयीच्या जागी येऊन पडतात. ५५ ची पाचपट २७५. म्हणजे जवळजवळ आपल्या पहिल्या तारेचाच स्वर! खालची सहावी तार छेडली की वरची पहिली तार हात न लावता थरथरू लागते. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सहावी तार अशी गंधाराच्या तारेला जागी करत नाही. माझ्यासाठी हे ट्यूनिंग आहे ते या एका गोष्टीसाठी. जड, दणदणीत आवाज हवा म्हणून इकडे येणाऱ्यांनाही मी आधी हेच ऐकायला बसवते.

माझ्या साध्या गिटारवर हे जमेल का? बॅरिटोन गिटारच लागते का?

बॅरिटोन उत्तमच. तिची तारेची लांबी २७ इंच किंवा त्याहून जास्त असते, त्यामुळे खालचे स्वर ताठ राहतात. पण पूर्ण मापाच्या, २५.५ इंच लांबीच्या साध्या ॲकूस्टिक गिटारवरही चांगलं जमतं. लहान मुलांच्या पाऊण मापाच्या गिटारवर नको, तिथे सहावी तार लोंबेल. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारला स्टीलच्या तारा तर कधीच लावू नका, ताणानं तिची घोडी (तारा जिला बांधतात ती पट्टी) उखडू शकते.

तारा आणायच्या आधी एक करून बघा. आहे त्याच तारांवर ओपन सी लावा: सी, जी, सी, जी, सी, ई. तिसरी आणि पहिली तार जागच्या जागी राहतात, दुसरी अर्धा स्वर वर जाते, बाकीच्या खाली येतात. स्वरांची मांडणी हीच, सा प सा प सा ग, फक्त पांढरी एकमध्ये. आठवडाभर त्यात वाजवा. आवडलं तरच पुढचा खर्च करा.

कोणत्या तारा आणायच्या?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि इथेच लोक उगाच घाबरतात.

तार सैल केली की तिचा ताण फार झपाट्यानं पडतो, कारण ताण कंपसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ५५ ही ८२.४ ची दोन तृतीयांश. म्हणजे नेहमीची ०.०५३ इंची सहावी तार तशीच ए पर्यंत उतरवली, तर साधारण बारा किलोचा ताण सव्वापाच किलोच्या आसपास येतो. अशी तार फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, आपटते आणि स्वर धरत नाही. तोच ताण हवा असेल तर तार दीडपट जाड, म्हणजे ०.०८० इंचांची लागेल. ती मिळाली तरी आवाज बोथट येतो आणि ती खुंटीत जायला त्रास देते. मी मधला मार्ग काढला आहे: ०.०७०. तिच्यावर नऊ किलोच्या आसपास ताण राहतो. तार थोडी मऊ लागते, पण बोलते.

आता बाकीच्या तारांकडे बघा. पाचवी तार ई हवी आहे, ८२.४ हर्ट्झ. ही तर नेहमीची सहावीच! चौथी ए हवी आहे, ११०, म्हणजे नेहमीची पाचवी. म्हणून दुकानातून साधा बाराचा सेट (ज्याची पहिली तार ०.०१२ इंची असते तो) आणा, त्यातली ०.०५३ ची तार पाचवीच्या जागी आणि ०.०४२ ची चौथीच्या जागी लावा. सेटमधली ०.०३२ ची तार बाजूला ठेवा. ०.०२४, ०.०१६ आणि ०.०१२ आपापल्या जागी. बाहेरून मागवायची ती फक्त एक जाड तार. कोल्हापुरात ती सहसा तयार मिळत नाही, ऑनलाइन सुटी तार मागवावी लागते.

पुढे हात बसला की वरच्या तीन तारा जरा जाड करा: तिसरी ०.०२६, दुसरी ०.०१८, पहिली ०.०१४. बाराच्या सेटमधली पहिली तार सी शार्पवर आली की बरीच सैल होते आणि गंधार डगमगतो. आणि गंधार डगमगला की या सगळ्या खटाटोपाला अर्थ राहत नाही.

जाड तार नटच्या खाचेत आणि खुंटीच्या भोकात बसेल का?

विकत घ्यायच्या आधी खुंटीचं भोक मोजा. ०.०७० इंच म्हणजे सुमारे १.८ मिलिमीटर. काही गिटारींना भोक लहान असतं.

नट म्हणजे मानेच्या वरच्या टोकाची, तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी. तिच्या तीन खाचा रुंद कराव्या लागतात: सहावी, पाचवी आणि चौथी. जाड तार अरुंद खाचेत वरच तरंगते, मग पहिल्या फ्रेटवर बोट दाबलं की स्वर चढतो. सुरुवातीला मी घाईत मूळ नटच घासून टाकला होता. पुढे त्याच गिटारला नेहमीच्या तारा लावल्यावर त्या खाचांत हलायला लागल्या आणि झणझणायला लागल्या. म्हणून तुम्ही मूळ नट काढून एका डबीत जपून ठेवा आणि या ट्यूनिंगसाठी हाडाचा दुसरा नट करून घ्या. आपल्याकडे हे काम जाणणारे मोजके कारागीर आहेत. गिटार त्यांच्याकडे देताना तारा सोबत द्या, नुसतं माप सांगू नका.

तारा लावल्यावर खालच्या फ्रेटवर झणझण येते. गिटार बिघडली का?

नाही. बाराच्या सेटचा सगळ्या तारांचा मिळून ताण नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सत्तर किलोच्या थोडा वर असतो, इथे तो साठच्या आसपास येतो. ताण कमी झाला की मानेला असलेला बारीकसा बाक सरळ होतो आणि तार पहिल्या चार-पाच फ्रेटला घासते. ट्रस रॉड (मानेच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई) पाव फेरा सैल करा, रात्रभर ठेवा, सकाळी बघा. एका दिवसात पाव फेऱ्याहून जास्त नको. रॉड जड लागला तर जोर लावू नका, जाणकाराला दाखवा.

हातसुद्धा बदलावा लागतो. ही सहावी तार जोरात ओढली की तिचा स्वर क्षणभर वर जातो आणि मग खाली स्थिरावतो. तिला नखानं किंवा पिकनं झोडपू नका. अंगठ्याचा मांसल भाग हलकेच ठेवा आणि सोडा. बाराव्या फ्रेटच्या जवळ छेडलीत तर स्वर गोल येतो, घोडीकडे सरकलात तर वरचे स्वर जास्त निघतात. तंबोऱ्याच्या तारा छेडणारं बोट बघितलं असेल तर वेगळं शिकवायला लागत नाही.

मोबाइलवरचा ट्यूनर सहावी तार नीट दाखवत नाही. मग जुळवायची कशी?

ट्यूनर एकदाच वापरा, चौथ्या तारेसाठी. ती ११० हर्ट्झच्या ए वर आणा. तंबोऱ्याचं ॲप असेल तर पांढरी सहा लावून तिच्याशी जुळवा, ते आणखी चांगलं. पुढचं सगळं कानानं.

पाचवी तार: तिच्या पाचव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक, म्हणजे तारेतलाच वरचा स्वर, काढा, चौथ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर तसंच काढा. दोन्ही एकच स्वर व्हायला हवेत. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सहावी-पाचवी अशीच जुळवतात, त्यामुळे हाताला हे ओळखीचं आहे. तिसरी तार: पाचवीच्या बाराव्या फ्रेटवरच्या हार्मोनिकशी. दुसरी: चौथीच्या बाराव्या फ्रेटवरच्या हार्मोनिकशी. सहावी: तिच्या स्वतःच्या बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक काढा, तो मोकळ्या चौथ्या तारेशी मिळवा. ट्यूनर मोकळ्या सहावीला गोंधळतो, पण हाच हार्मोनिक त्याला व्यवस्थित कळतो.

आता पहिली, म्हणजे गंधार. सहाव्या तारेवर चौथ्या फ्रेटच्या किंचित अलीकडे, नटच्या बाजूला, बोट टेकवा आणि छेडा. जागा सापडायला दोन-तीन वेळा चुकेल. सापडली की एक उंच, स्वच्छ स्वर निघेल. तोच स्वयंभू गंधार. पहिली तार त्याला मिळवा. दोन स्वरांमध्ये लाट येते, वाव वाव वाव अशी. ती हळू हळू करत थांबली पाहिजे. ती थांबते तेव्हा अख्खी गिटार छातीशी गुणगुणायला लागते. माझ्या क्लासमधली दहा-अकरा वर्षांची मुलंही त्या क्षणी आपोआप गप्प होतात.

पण ट्यूनर तर म्हणतो की अशानं पहिली तार उतरलेली आहे. कुणाचं खरं?

दोघांचं, आपापल्या जागी. ट्यूनर सप्तकाचे बारा सारखे भाग धरतो, त्यात सी शार्प २७७.२ येतो. तारेतून निघणारा गंधार २७५. दोन हर्ट्झचा हा फरक म्हणजेच ती सेकंदाला दोनदा येणारी लाट. पेटीचा गंधार तंबोऱ्यावर चढा वाटतो अशी गवयांची जुनी तक्रार आहे. तिचं मूळ याच फरकात आहे.

निवड कशी करायची? मोकळ्या तारांवर किंवा आडवं बोट टाकून सगळ्या तारा एकाच फ्रेटवर दाबून वाजवणार असाल तर २७५ ठेवा. आडव्या बोटानं सगळे स्वर सारखेच वर सरकतात, गोडवा टिकतो. पण पहिल्या तारेवर धून वाजवणार असाल तर तिच्या फ्रेटवरचे प आणि सा दोन्ही तेवढेच उतरलेले लागतील आणि मोकळ्या पंचमाशी भांडतील. तेव्हा २७७ कडे जा, किंवा गंधार खालीच ठेवून ते दोन स्वर तार जराशी ओढून चढवा. मी दुसरा मार्ग धरते. त्याला मेहनत जास्त लागते, हे मान्य.

कॉर्ड सगळ्या नव्यानं शिकाव्या लागतील का?

हो, पण थोड्याच. सहावीकडून पहिलीकडे फ्रेटचे आकडे वाचा, ० म्हणजे मोकळी तार.

ए: ० ० ० ० ० ०
डी: ० २ ० २ ० १
एफ शार्प मायनर: सहावी सोडून द्या, मग २ ० २ ० ०
ई: २ ० २ ० २ ३

या ई मध्ये गंधार नाही, नुसते सा-प आहेत, पण ए वर परतताना ते फार भरघोस लागतं. आडवं बोट पाचव्या फ्रेटवर टाकलं की डी, सातव्यावर ई. ए मायनर मात्र इथे अवघड आहे, कारण मोकळ्या तारेत शुद्ध गंधार बसलेला आहे. त्यासाठी पहिली तार सी वर उतरवावी लागते.

राग वाजवता येतो का?

येतो, आणि मला वाटतं तिथेच हे ट्यूनिंग सर्वांत खुलतं. भूप घ्या. दुसरी तार मोकळी सा, तिच्या दुसऱ्या फ्रेटवर रे. पहिली तार मोकळी ग, तिसऱ्या फ्रेटवर प, पाचव्यावर ध, आठव्यावर तार सा. अंगठा अधूनमधून खालच्या सा-प वर. यमनला पहिल्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर तीव्र मध्यम आणि सातव्यावर निषाद मिळतो. तार सैल असल्यानं मींडही नेहमीपेक्षा सहज येते.

कोमल गंधाराच्या रागांना मोकळा शुद्ध ग बोचतो. भीमपलास वाजवताना मी पहिली तार खाली आणून दुसरीच्या सा ला मिळवते. तंबोऱ्यावरच्या जोडीसारख्या त्या दोन तारा एकत्र घुमतात. मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणून पाचवी आणि तिसरी दोन्ही डी वर, म्हणजे मध्यमावर उतरवायच्या. तंबोऱ्याची पंचमाची तारही तेव्हा मध्यमात लावतात, त्यात वेगळं काही नाही.

शास्त्रीय संगीत गिटारवर आणणाऱ्यांनी बहुतेक वेळा ती मांडीवर आडवी घेऊन, तारेवर स्टीलचा तुकडा सरकवून वाजवली आहे. ब्रिजभूषण काबरा यांनी तो रस्ता घातला. विश्वमोहन भट्ट यांनी गिटारला जादा तारा जोडून मोहनवीणा घडवली आणि १९९४ मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं. तुम्हालाही स्लाइड वाजवायची असेल तर हे ट्यूनिंग त्याला योग्य आहे, फक्त तारा फ्रेटपासून उंच घ्याव्या लागतील.

गाणारा काळी एकमध्ये गातो. माझी गिटार पांढरी सहामध्ये. मग?

कापो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, चौथ्या फ्रेटवर. पांढरी एक हवी असेल तर तिसऱ्यावर. कापो लावल्यावर सहावी तार पुन्हा एकदा तपासा, जाड तार कापोखाली दबून चढते. पांढरी सहाच्या पट्टीत गाणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, त्यांच्यासोबत कापो लागतच नाही आणि गिटार पूर्ण घुमते.

मोबाइलवर रेकॉर्ड केलं की खर्ज ऐकूच येत नाही.

मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून ५५ हर्ट्झ बाहेर पडतच नाही. खरं तर गिटारची पेटीही तो मूळ स्वर फारसा मोठा करत नाही, तिचा घुमारा १०० हर्ट्झच्या आसपास असतो. आपण ११०, १६५, २२० हे वरचे स्वर ऐकतो आणि खालचा सा आपला मेंदू भरून काढतो. म्हणून तारा ताज्या ठेवा. जुन्या तारेचे वरचे स्वर मरतात आणि खर्ज नुसता धप्प होतो. ऐकताना हेडफोन लावा.

इलेक्ट्रिक गिटारवर?

चालतं. पण डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका केला की, गंधार गढूळ होतो, तेव्हा पहिली तार सोडून वाजवा.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा किती ओली असते हे सांगायला नको. लाकूड पाणी पितं, पुढची फळी फुगते, घोडी वर येते आणि तारा उंच होतात. बाहेरच्या भिंतीला गिटार टांगू नका, ती भिंत आतून गार आणि ओली असते. गिटार ठेवायच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर पंधरवड्याला बदला. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या कापडानं पुसा, विशेषतः ती ०.०७०. तिच्या वेटोळ्यांत घाम आणि ओल अडकते आणि ती आधी गंजते. सैल तारांची गिटार आहे म्हणून मान सुरक्षित आहे असं समजू नका, ओल्या दिवसांत ट्रस रॉडला हात लावण्याआधी चार-पाच दिवस कोरडी हवा मिळेपर्यंत थांबा.

कान तयार करायला कुठे जायचं?

मिरजेला. रेल्वेनं तासाभराच्या अंतरावर आहे. तिथे सतार आणि तंबोरे करणाऱ्यांची घरं पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आली आहेत, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. कारागीर जवारी काढत, म्हणजे तारेचा झंकार खुलावा म्हणून घोडीचा माथा घासत असेल तेव्हा परवानगी घेऊन शेजारी बसा. घोडीवर कानशीचा एक हात फिरला की तारेतला गंधार कसा उघडतो ते ऐका. मी मुलांना वर्षातून एकदा घेऊन जाते. परतीच्या गाडीत ती आपल्या गिटारी काढतात आणि सहावी तार पुन्हा जुळवायला घेतात.